राजाची उडी

त्या खोलीत सकाळ एकदम येत नसे. आधी ती समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर उतरे. काळ्या टाकीच्या खांद्यावर मळकट पिवळी रेघ उमटे आणि ती रेघ टाकीभर पसरेपर्यंत आदेश अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राही. मग उजेड गच्चीवरच्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या पांढऱ्या कोटांवर घसरे. सावंगीत शिकाऊ डॉक्टरांचे कोट जिकडेतिकडे वाळत असतात. त्यांच्यातून गाळून निघाल्यासारखा, जरा मऊ पडून, तो खिडकीच्या गजांशी पोचे. आत येण्याची त्याला घाई नसे. भिंतीवरच्या पोपड्यांच्या कडा तो एकेक करून उचले, बादलीच्या कडीवर थोडा थबके, टेबलावरच्या कालच्या कपात डोकावून पाही, आणि फरशीवर उतरल्यावर मात्र अगदी साधा होऊन जाई. कोणत्याही खोलीतल्या कोणत्याही फरशीवर असतो तसा. आदेशला तो तसाच आवडे. त्या उजेडाला काही विचारायचे नसे, त्यामुळे त्याला उत्तरही द्यावे लागत नसे. आज रविवार होता, आणि म्हणून खोलीत दुसराही एक उजेड होता. दाराखालच्या फटीतून गॅलरीतली सकाळ आत सरकली होती आणि तिच्या मधोमध एक गोलसर सावली स्थिर पडली होती. पिशवीची.

पिशवी बाबांची. रूपराव दर रविवारी धाम नदीकाठच्या गावाहून मोपेडवर भाजीची पोती लादून वर्ध्याच्या बाजाराला निघत, आणि बाजारात बसण्याआधी वाट वाकडी करून सावंगीला येत. जिने चढत, दाराच्या बाहेरच्या कडीला एक पिशवी अडकवत आणि दार न वाजवता उतरून जात. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कधी वालाच्या शेंगा. पोरगा आठवडाभर इस्पितळात रक्ताच्या नळ्यांत डोके घालून बसतो, एक दिवस झोपू द्यावे, असे त्यांचे मत असावे. आदेश झोपलेला नसे. मोपेड बंद झालेली, जिन्यावरच्या चपला, कडीचा बारीक आवाज आणि त्यानंतर दारापलीकडे क्षणभर थांबलेली शांतता, हे सगळे त्याला दरवेळी ऐकू येई. उठून दार उघडणे काही कठीण नव्हते. पण उघडल्यावर पहिले वाक्य कोणी बोलायचे हे त्या दोघांत कधी ठरलेलेच नव्हते. तो श्वास धरून पडून राही, मोपेड पुन्हा सुरू होई, त्याला सुटल्यासारखे वाटे. आणि आपल्याला सुटल्यासारखे वाटले हेच मग दिवसभर कुठेतरी खुपत राही.

आज मात्र खुपायला सवड नव्हती. वाचनालयाच्या वरच्या दालनात हिंगणघाटच्या क्लबाशी बुद्धिबळाच्या लीगचा सामना होता. चार पट, चार खेळाडू, आणि आदेश दुसऱ्या पटावर. या हंगामात तो हरतच आला होता. क्लबाचे कप्तान बंडूजी, बँकेतून निवृत्त झालेले आणि आवाज न चढवता माणसाला खाली बसवणारे, गेल्या रविवारी चहा पिता पिता म्हणाले होते की आजचाही डाव गेला तर दुसऱ्या पटावर अपेक्षाला बसवावे लागेल. अपेक्षा सावंगीला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती, भरभर खेळे, आणि आदेशपेक्षा चांगली खेळे; हे त्याला बंडूजींनी सांगण्याची गरज नव्हती. रागावण्यासारखे त्यात काहीच नव्हते. परंतु त्या टेबलाशी समोरच्या माणसाशी न बोलणे हा नियम होता. आठवड्यातून एकदा कोणीतरी त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ येऊन बसे, सकाळभर त्याच्या मनात काय चालले आहे एवढ्याच एका गोष्टीचा विचार करी, आणि आदेशला तोंड उघडावे लागत नसे. बाहेर ज्याला लोक घुमेपणा म्हणत, त्याची तिथे शिस्त म्हणून गणना होई. ती खुर्ची गेली असती तर खेळ गेला असता असे त्याला वाटत नव्हते. माणसांजवळ बसण्याची त्याला जमलेली एकुलती एक रीत गेली असती.

हिंगणघाटचा नेहमीचा दुसरा खेळाडू घरच्या लग्नात अडकला होता. त्याच्या जागी ऐनवेळी तानबाजी आले होते. बियाण्यांचे दुकान चालवणारे, साठीचे, धुतल्या शर्टाच्या खिशाला पेन लावलेले गृहस्थ. खुर्चीत बसता बसता त्यांनी नाव विचारले आणि ऐकल्यावर म्हणाले, "आदेश काय? मंग तुमच्यापुढं आमचं काय चालते जी." हा विनोद आदेशने जन्मभर ऐकला होता. तो हसला, बंडूजींनी घड्याळे सुरू करण्याची खूण केली, आणि तानबाजींनी पांढऱ्या मोहऱ्यांची पहिली खेळी केली. पटाच्या अगदी कडेचे, हत्तीपुढचे प्यादे त्यांनी उचलले आणि एक घर पुढे ठेवले.

अशी कोणी सुरुवात करत नाही. पुस्तकांत पहिल्या खेळीची जी काही उत्तरे दिलेली असतात ती सगळी पटाच्या मध्यासाठी असतात. कडेचे प्यादे एक घर सरकवणे म्हणजे बोलावणे आलेले असताना घरातच बसून राहण्यासारखे. आदेशने मधले प्यादे दोन घरे टाकले आणि वाट पाहिली. तानबाजींनी दुसऱ्या कडेचे प्यादे घेतले. तेही एक घर. आपल्याला हिणवले जात आहे की काय, असे त्याला वाटले. मग वाटले की हा सापळा आहे, कुठल्यातरी दूरदेशीच्या डावातून उचललेला, आणि आपण तो वाचलेला नाही. त्याने घोडा काढला, उंट काढला, आणि प्रत्येक वेळी समोरून एक प्यादे एकच घर पुढे आले. न घाबरता, न धावता, पहाटे वाफ्यांच्या कडेने चालणाऱ्या माणसासारखे. पाचव्या की सहाव्या खेळीला त्याची नजर पटावरून तानबाजींच्या हातावर गेली. अंगठा आणि मधले बोट यांत त्यांनी प्यादे धरले होते, आणि ठेवण्याआधी ते हवेत किंचित थांबले होते. ते धरणे त्याच्या ओळखीचे होते. हे प्यादे दोन घरे जात नाही असे नव्हते. दोन घरे जाता येते हे त्या हाताला ठाऊकच नव्हते.

गावी, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत ओलसर वास असे, गंजाचा आणि ग्रीसचा. तिथे उपड्या टोपल्यावर बाबा पट पसरत. तो पट कापडाचा होता. आईने, चतुराबाईने, जुन्या चादरीच्या तुकड्यावर काळ्या दोऱ्याचे टाके घालून घरे पाडली होती. सगळी एकाच रंगाची. मोहरे गिरडच्या यात्रेतले. त्यांतला एक उंट कधीच हरवला होता आणि त्याच्या जागी बाभळीची एक गाठ उभी राही. त्या पटावर सगळी प्यादी एकेक घर चालत. राजाला किल्ल्यात नेऊन ठेवण्याची सोय नव्हती. पण जोवर त्याला शह बसलेला नाही तोवर, साऱ्या डावात एकदाच, राजा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शके. म्हणून जाणता खेळाडू आधी एक फुकटचा शह देऊन ती उडी काढून घेई आणि मगच मारायला निघे. आणि मात करायची ती शक्यतो प्याद्याने. हत्तीने, वजिराने केलेली मात ही मातच, पण प्यादमात झाली की बाबा पटावरून हात काढून घेत आणि बिडी पेटवत, जणू आता बोलण्यासारखे काही उरले नाही. या खेळात ते बोलत. इतरत्र न बोलणारे रूपराव पटाशी बसले की पुटपुटत, घोड्याला समजावत, उंटाला चुचकारत. आणि त्या पुटपुटण्यात मधूनमधून एखादे वाक्य आदेशसाठी असे. त्याच्या शाळेबद्दल, आईच्या कंबरेबद्दल, यंदाच्या वांग्यांबद्दल. डाव बहुधा पुरा होत नसे. वावरातली विजेची लाइन तासांच्या हिशेबाने येई. दिवा लागला की बाबा उठत, बटण दाबत, आणि पाण्याचा पहिला फुत्कार ऐकू आला की चपला काढून वाफ्यांत उतरत. टोपल्यावरचा डाव तसाच राही, आणि संध्याकाळी तो आवरताना आदेश दरवेळी मोहऱ्यांकडे पाहून ठरवी की लाइन आली नसती तर आज आपणच जिंकलो असतो.

सातवीत असताना शाळेतल्या सरांनी खरे नियम सांगितले. प्यादे पहिल्यांदा दोन घरे जाते. राजा उडी मारत नाही. आदेशने घरी जाऊन ते बाबांना सांगितले. बाबांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, हे तं घाईवाल्यायचं झालं. त्यावर तो म्हणाला होता की तुम्ही बरोबर नियम शिकल्याशिवाय मी तुमच्याशी खेळणार नाही. ते म्हणाले, बरं. एवढेच. त्यांनी कापडाची घडी केली, आईने ती कुठेतरी ठेवली, आणि घरात त्या गोष्टीवर पुन्हा कोणी बोलले नाही. पुढे जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या, ढाली मिळाल्या, वर्ध्याचा क्लब मिळाला, आणि तिथे कोणाकडे शिकलात असे विचारले की आदेश शाळेतल्या सरांचे नाव सांगे. ते खोटे नव्हते. सर भले होते, आणि त्यांचे नाव सांगताना गावचे काही सांगावे लागत नव्हते. फक्त जे बोलणे त्या घडीत गेले ते त्याला दुसरीकडे कुठेच सापडले नव्हते. आणि ते हरवले आहे हेही त्याला आज, इथे, एका अनोळखी माणसाच्या बोटांकडे बघताना कळत होते.

तो खेळत राहिला. तानबाजींच्या प्याद्यांची रांग आता बांधासारखी उभी होती आणि तिच्यामागे मोहरे एकमेकांना खेटून दाटले होते. राजा मूळच्या घरातच होता. दालनात पंख्याची घरघर, शेजारच्या पटावर बंडूजींचा खोकला, खालच्या रस्त्यावर कोणाच्या तरी ट्रॅक्टरचे गाणे. आणि हळूहळू त्याला दिसले की वाट आहे. वजीर एकच घर सरकवला की त्या राजाला बाहेर पडायला जागाच उरत नव्हती. त्याने दोनदा तपासले. हात वजिराकडे गेला आणि वाटेतच थांबला, कारण त्याला वाटले की राजा उडी मारील. विचार म्हणून ते मनात आले नाही. विचार असता तर त्याने त्याला हसून बाजूला सारले असते. ते हातातच आले होते. त्याने वजीर सोडला, उंट उचलला, पटाच्या कडेला नेऊन राजाला लांबून एक शह दिला आणि घड्याळाचे बटण दाबले. दाबल्यावर त्याला कळले. तानबाजींनी एक प्यादे एक घर पुढे केले. शह झाकला गेला आणि ते प्यादे उंटावरच चालून आले. उंटाला मागे फिरावे लागले, आणि तेवढ्या उसंतीत पांढरा घोडा राजाशेजारी येऊन उभा राहिला. वाट बंद झाली. आदेशचे कान तापले. अंकगणितात नापास होणे वेगळे आणि भर वर्गात झोपेत बरळणे वेगळे.

तानबाजी पटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग मान वर न करता, ओठ फारसे न हलवता म्हणाले, "उडी काढून घेतली काय गा माह्या राजाची?"

आदेशची नजर मागे फिरलेल्या उंटावर गेली.

"इथं उडी नसते बाप्पा. मी बी घरून निंगतानी सोताले बजावलंतं." त्यांचे खांदे हलत होते, ते हसत होते, पण त्या हसण्यात त्याला कुठे टाचणी सापडली नाही. "कोनं शिकवलं तुले?"

उत्तर तयार होते. वर्षानुवर्षे तयार होते, सरांच्या नावासकट. ते घशापर्यंत आले आणि त्याच्या जागी भलतेच बाहेर पडले. "बाबानं," तो म्हणाला. "वावरात. मोटारीच्या खोलीत."

शेजारच्या पटावरून बंडूजींनी चष्म्यावरून पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले. तानबाजींनी कान पकडले. डाव पुढे चालू झाला. पण त्या दालनात आपला स्वतःचा, गावचा आवाज आदेशने प्रथमच ऐकला होता, आणि छताला काही झाले नव्हते. पंखा फिरत होता. फार दिवस मुठीत आवळून धरलेली वस्तू खाली ठेवल्यावर हात जसा हलका आणि जरा मूर्ख वाटतो, तसे त्याला वाटत होते. तो हरत होता, हे स्पष्ट होते. तानबाजींनी एक प्यादे मारले, मग दुसरे, मग त्यांचे हत्ती मोकळे झाले. एकेक करून बाकीचे तिन्ही पट संपले. एक वर्ध्याने जिंकला होता, एक हरला होता, एक बरोबरीत सुटला होता, आणि सगळे पाय न वाजवता येऊन या शेवटच्या टेबलाभोवती उभे राहिले. अपेक्षा त्याच्या खुर्चीमागेच होती. पांढरा हत्ती शेवटच्या रांगेत उतरला की मात. ते त्याने पाहिले होते. तानबाजींनीही पाहिले असणार. हस्तांदोलनासाठी त्याने हात मांडीवर पुसूनही ठेवला.

तानबाजींनी हत्तीला हात लावला नाही. त्यांनी एका बाजूचे प्यादे अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरले, हवेत किंचित थांबवले, आणि एक घर पुढे ठेवले. टेबलाभोवती कोणीतरी श्वास सोडला. अपेक्षा खुर्चीची पाठ धरून पुढे वाकली. तिला ते समजणे शक्य नव्हते. आदेशला समजले. अजून दोन पावले, आणि ते प्यादे स्वतःच राजाला मात देणार होते. टोपल्यावरच्या पटाशी बाबा असेच करत, हाताशी आलेली मात सोडून प्याद्याची वाट पाहत, आणि तो मनातल्या मनात चिडे की हे आपल्याला खेळवत आहेत. ते खेळवणे नव्हते. असा डाव त्यांना नीट संपवायचा असे, एवढेच. आता हसू आवरणे त्याला कठीण झाले. त्याने वजीर उचलला आणि शह दिला. राजा एका बाजूला सरला. त्याने पुन्हा शह दिला. राजा परत आला. घरच्या पटावर असता तरी त्याची उडी त्या फुकटच्या शहाने केव्हाच गेली असती. इथे तर ती नव्हतीच, इथले नियम घाईवाल्यांचे होते, आणि त्या दोन घरांमध्ये पांढरा राजा शहामागून शह खात येत जात राहिला. शेवटी तानबाजींनी हात पुढे केला. बरोबरी.

"प्यादमात कराले गेलतो," ते सगळ्यांना सांगत होते, अजिबात वाईट न वाटल्यासारखे. "इथं त्याचे जास्तीचे मार्क भेटत नाई, हे ध्यानातच नाई राह्यलं." मग जिना उतरताना त्यांनी आदेशला विचारले की बाबा अजून खेळतात काय, आणि त्याला माहीत नाही असे सांगावे लागले. "विचारजो," ते म्हणाले, आणि हिंगणघाटच्या गाडीत जाऊन बसले.

बंडूजी दाराशी थांबले होते. दुसरा पट त्याचाच राहील, हे त्यांनी सांगितले; आणि मग, जरा खाकरून, की शिकवणाऱ्याचे नाव त्यांनी आजवर वेगळेच ऐकले होते. आदेश म्हणाला की सरांनी नियम शिकवले. बंडूजींनी मान डोलावली. पुढच्या रविवारी अपेक्षाला बसवा, मला गावी जायचे आहे, हे वाक्य त्याने कधी ठरवले ते त्याला आठवत नव्हते; पण ते बोलून झाले होते, आणि ज्या खुर्चीसाठी सकाळी त्याला घास गेला नव्हता तीच खुर्ची त्याने कोणी न मागता देऊन टाकली होती. उलट आता भूक लागली होती.

बाजार ओसरत आला होता. फाटक्या चादरीच्या सावलीत रूपराव उरलेल्या वांग्यांवर पाणी शिंपडत बसले होते. आदेशला बघून त्यांचा हात थांबला. "पिशवी नाई भेटली काय?" त्यांनी विचारले. दुसरे कोणते कारण त्यांना सुचले नाही.

"भेटली," तो म्हणाला आणि उपड्या टोपल्यावर बसला. मग पहिले वाक्य आपल्यालाच बोलावे लागेल असे वाटून त्याने ते बोलून टाकले. म्हणजे सगळेच सांगितले, एक घर चालणारी प्यादी, फुकटचा शह, परत फिरलेला उंट. बाबा वांगी पुसत ऐकत होते. गिऱ्हाईक आले, त्याला त्यांनी मापात थोडे जास्तीचे दिले आणि पुन्हा कान इकडे केला.

"उडी नाई," ते शेवटी म्हणाले. "मंग राजा कायचा तो."

"पट हाय काय अजून?"

"हाय ना. तुह्या मायनं ठेवला. एक उंट नाई त्यात."

"पुढच्या रविवारी येतो मी. खेळू."

रूपरावांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ओल्या हाताने त्यांनी सांभाराच्या जुड्या एका ओळीत लावल्या, मग त्या ओळीतली शेवटची थोडी पुढे केली. "कोन्त्या नियमानं?"

"तुमच्या."

"येजो मंग. बाजाराले मुकेशच्या हाती माल पाठोतो." मुकेश शेजारच्या वावरातला. "अन् लाइनचं टेन्शन नाई. पुढच्या हप्त्यात रातची हाय. डाव पुरा होते."

डाव पुरा होईल. आदेशने मान डोलावली. चादरीच्या भोकातून एक उन्हाचा ठिपका येऊन वांग्यावर बसला होता, साधा, दुपारचा. मोटारीच्या खोलीतले ते सगळे टोपल्यावरचे डाव त्याला एकामागून एक आठवू लागले, लाइनने मोडलेले आणि न मोडलेले. आणि या वेळी त्याने मोहरे होते तिथेच राहू दिले, मनातल्या मनात एकही सरकवला नाही. एवढ्या वर्षांत त्याने बाबांना एकदाही हरवले नव्हते.